खाएंबाच्या वाट्याचा पेटा

झब्लॉन खाएंबाच्या गाडीत जिवंत कोंबडी चढत नसे. आमच्या बुंगोमाकडची माणसं नैरोबीला लेकाकडे, भावाकडे निघाली की काखेत कोंबडी असायचीच. रिकाम्या हातानं जाण्यापेक्षा न गेलेलं बरं, अशी आमच्यात समजूत आहे. पण खाएंबा बसच्या दारात आडवा उभा राहायचा. "कोंबडी खाली डिकीत, माणूस वर. दोघांना एकाच तिकिटात बसायचं असेल तर दुसरी गाडी बघा." फार वर्षांपूर्वी एका कोंबड्यानं भर उतारावर त्याच्या स्टिअरिंगवर उडी मारली होती, तेव्हापासूनचा हा नियम. पाद्रीबाबांची कोंबडीसुद्धा त्यानं डिकीत टाकली होती, आणि पाद्रीबाबा अख्ख्या प्रवासात त्याच्याशी बोलले नव्हते.

एक दिवस नैरोबीहून बुंगोमा, दुसऱ्या दिवशी बुंगोमाहून नैरोबी, अशी एकोणीस वर्षं त्यानं एकाच रस्त्यावर काढली. माणूस उंचापुरा, पांढरा शर्ट, वरचं बटण लावलेलं. गाडी वेळेवर सुटणार आणि वेळेवर पोचणार. बायको जाऊन अकरा वर्षं झाली होती, एकुलती मुलगी किटालेला सासरी सुखात होती. दारू नाही, सिगारेट नाही. वेड एकच, आणि ते लपवायचा त्यानं कधी प्रयत्न केला नाही. निखाऱ्यावर भाजलेलं मटण.

रस्त्याची लांबी दुसरे ड्रायव्हर किलोमीटरमध्ये सांगतात, खाएंबा भट्ट्यांमध्ये सांगायचा. नैवाशाच्या पुढच्या चढावर पहिली चांगली भट्टी. गिलगिलजवळ शेळीच्या फासळ्या, पण तिथं मीठ आधी लावतात, म्हणून मटण सुकतं. नाकुरूच्या बाहेर एक म्हातारा नुसती मेंढीची मान भाजतो, ती रविवारी खावी, कारण रविवारी तो घाईत नसतो. सुट्टीच्या दिवशी माणसं घरी झोपतात, हा दुसऱ्याच्या गाडीत बसून पन्नास कोस लांब जेवायला जायचा.

खाण्याची त्याची पद्धत ठरलेली होती. आधी दुकानात शिरायचं, टांगलेली शेळी पाठीपोटाकडून बघायची, मांडीवर अंगठा दाबायचा. पसंत पडलं नाही तर खाटकाला तोंडावर सांगायचा, "ही शेळी चालून चालून मेली आहे बाबा. हिला विकू नकोस, पेन्शन दे." पसंत पडलं तर बोटानं तुकडा दाखवायचा, इथून इथपर्यंत. मग भट्टीजवळच्या बाकावर तासभर बसायचं, हाडांचं सूप प्यायचं, चरबी निखाऱ्यावर टपकल्याचा आवाज ऐकायचा. खाण्यातलं अर्धं सुख त्या वाट बघण्यात आहे, असं तो म्हणायचा. मग लाकडी पाट येणार, त्यावर समोर कापलेले तुकडे, एका कोपऱ्यात मिठाची ढिगली, बाजूला मक्याच्या पिठाची घट्ट उगाली आणि कांदा-टोमॅटोची कचुंबरी. रस्सा नाही, मसाला नाही.

एकदा बसच्या मालकानं खूश होऊन चार ड्रायव्हरांना नैरोबीतल्या मोठ्या स्टेकहाउसमध्ये नेलं. पांढरे टेबलक्लॉथ, मेणबत्त्या, काटेचमचे. वेटरनं वाकून विचारलं, "साहेब, मांस कितपत भाजू? अर्धं, पाऊण की पूर्ण?" खाएंबा म्हणाला, "पूर्ण. अर्धवट काम आम्ही गाडीचंसुद्धा करत नाही." बोलता बोलता त्यानं तीन प्लेट संपवल्या. बाहेर आल्यावर मालकानं विचारलं, कसं होतं. "चांगलं होतं," खाएंबा म्हणाला, "पण कुठल्या जनावराचं कुठलं अंग खाल्लं ते मला कुणी दाखवलं नाही. ओळख नसलेल्या माणसाच्या घरी जेवल्यासारखं वाटलं."

असा हा चोखंदळ माणूस. पण तिंबोरोआच्या पुढं, जिथं चढ संपतो आणि भर दुपारी धुकं उतरतं, तिथं रिस्पाच्या हॉटेलात आला की तो टांगलेल्या मटणाकडे वळूनही बघत नसे. सरळ कोपऱ्यातल्या ड्रायव्हरच्या टेबलावर जाऊन बसायचा आणि जे येईल ते खायचा. एकोणीस वर्षं त्यानं तिथं तुकडा निवडला नाही, अंगठा दाबला नाही, तक्रार केली नाही. रस्त्यावरच्या लोकांना एवढ्यावरून जे समजायचं ते समजलं होतं.

रिस्पा नसांबु आमच्यातलीच, लुह्या, वेबुये गावची. नवरा तिथल्या लाकडाच्या गिरणीत होता, म्हणून इतक्या थंडीत येऊन राहिली. तो गेला तेव्हा तिनं तेलाचं पिंप उभं कापून त्याची भट्टी केली आणि रस्त्याच्या कडेला मेंढी भाजायला लागली. आता बावन्न वर्षांची होती, चार भट्ट्या होत्या, सहा माणसं हाताखाली होती. मेंढी, शेळी, बैलाच्या फासळ्या, सगळं मिळायचं. फक्त कोंबडी मिळत नसे. लुह्या बाईच्या हॉटेलात कोंबडी नाही, म्हणजे दूधवाल्याच्या घरी दूध नाही! लोक चिडवायचे, तेव्हा ती म्हणायची, "कोंबडी कापली की पेटा निघतो. तो कुणाला वाढू? गिऱ्हाइकाला?"

कलेजीबरोबर निघते ती घट्ट वाटोळी गोळी म्हणजे पेटा. खायला दोन घास नाहीत. पण आमच्यात तो घरच्या कर्त्या पुरुषाचा. पाहुण्याला मांडी मिळेल, जावयाला छातीचा तुकडा मिळेल, पेटा मिळणार नाही. बायका तर तो शिजवतात, वाढतात आणि कधी तोंडाला लावत नाहीत. बाईनं एखाद्या पुरुषापुढे पेटा ठेवला, तर तिनं काय म्हटलं ते सगळ्या गावाला कळतं. आणि त्यानं तो खाल्ला, तर त्यानं काय उत्तर दिलं तेही कळतं. त्यापुढे मग फक्त तारीख ठरवायची उरते.

खाएंबाला रिस्पाशी लग्न करायचं होतं. हे त्यानं स्वतःशी कबूल करायला सहा वर्षं घेतली, आणि तिला सांगायचं वाक्य तयार करायला आणखी दोन. वाक्य साधंच होतं: "रिस्पा, मला आता इथं चाळीस मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं आहे." कारण बसचा थांबा चाळीस मिनिटांचा होता. गाडी चालवताना तो हे वाक्य पुटपुटायचा. तिंबोरोआचा चढ चढेपर्यंत तोंडपाठ असायचं आणि हॉटेलच्या दारात पाऊल टाकलं की बाहेर पडायचं नाही. मग तो म्हणायचा, "आज मीठ बरोबर पडलंय." वर्षानुवर्षं रोज मीठ बरोबर पडत होतं.

अशात निवृत्तीचा दिवस उजाडला. साठ पूर्ण. शेवटची फेरी नैरोबीहून बुंगोमा. आज बोललं नाही तर उद्यापासून या रस्त्यावर यायला कारणच उरणार नाही, हे त्याला लख्ख कळत होतं. त्या दिवशी त्यानं ते वाक्य नैवाशापासूनच म्हणायला सुरुवात केली.

शेजारी दारात कंडक्टर म्वाकियो उभा होता. म्वाकियो चाळिशीचा, तैताकडचा, समुद्राच्या बाजूच्या रस्त्यावर पंधरा वर्षं काढून तीनच महिन्यांपूर्वी इकडे आलेला. चांगला माणूस, पण भूक जबरदस्त आणि तोंड सतत चालू, खाताना आणि बोलताना सारखंच.

"उस्ताद, सकाळपासून काय पुटपुटताय? जप चाललाय की शिव्या?"

"रस्त्यावर लक्ष ठेव."

"रस्त्यावर लक्ष ठेवायचा पगार तुम्हाला मिळतो."

साडेबाराला गाडी रिस्पाच्या हॉटेलपुढे थांबली. बातमी आधीच पोचली होती. बटाटेवाल्या बायका, टायर दुरुस्त करणारे, मधाच्या बाटल्या विकणारे, सगळे येऊन हात मिळवायला लागले. त्यातून वाट काढत खाएंबा आपल्या टेबलावर पोचला. रिस्पा स्वतः पाट घेऊन आली. एरवी ती कमरेला मळका टॉवेल खोचून फिरायची. आज तिनं धुतलेला निळा झगा घातला होता आणि डोक्याला नवा रुमाल बांधला होता. पाटावर मेंढीच्या फासळ्या होत्या, आणि शेजारी एक छोटी, झाकण घातलेली वाटी.

"आधी वाटी उघडा," ती पाटाकडेच बघत म्हणाली. "गार होऊ देऊ नका." आणि एवढं बोलून ती इतक्या भरभर आत गेली, की खाएंबाचं वाक्य तोंडातच राहिलं.

त्यानं झाकणाला हात घातला, तेवढ्यात बाहेरून आरडाओरडा झाला. "खाएंबा! फोटो! फोटो काढल्याशिवाय जायचं नाही!" दोन बटाटेवाल्यांनी येऊन त्याला दंडाला धरून उठवलंच. बाहेर सगळ्यांना एका फोटोत बसवायचं होतं आणि बसत कुणीच नव्हतं. दहा मिनिटं गेली.

ड्रायव्हरच्या पाटावर कंडक्टरनं जेवायचं, हा आमच्या रस्त्यावरचा हक्कच आहे. म्वाकियो हात धुऊन आला आणि बसला. वाटीवरचं झाकण उचललं. आत आल्याच्या रश्शात एकच गोळी होती. त्यानं ती तोंडात टाकली, डोळे मिटून चावली, रस्सा प्यायला, झाकण परत ठेवलं आणि फासळ्यांकडे वळला.

खाएंबा परत आला तेव्हा पंधरा मिनिटं उरली होती. त्याचं लक्ष जेवणात नव्हतं, वाक्यात होतं; वाटीची तर त्याला आठवणच राहिली नाही. तरी फासळ्या अशा जमल्या होत्या की त्यानं चाटूनपुसून हाडं पांढरी केली. म्वाकियो गाडी पुसायला गेला. रिस्पा आली. तिनं आधी वाटीचं झाकण उचललं. वाटी रिकामी. झाकण तिच्या हातातच राहिलं.

"खाल्लंत?" तिनं हळूच विचारलं.

"खाल्लं."

"सगळं?"

"काही ठेवलं नाही. आणि रिस्पा, एकोणीस वर्षांत असं लागलं नव्हतं."

ती हसली. मान खाली घालून, नव्या नवरीसारखी. असं हसताना त्यानं तिला कधी पाहिलं नव्हतं. त्याला वाटलं, शेवटचा दिवस म्हणून हसत असेल.

"मग आता?" ती म्हणाली.

आता पुढं काय करणार, हे त्याला महिनाभर सगळेच विचारत होते, म्हणून उत्तरही तयार होतं. "आता काय, घरी. छपराचे पत्रे बदलायचेत. गाय आजारी आहे."

"आणि इकडे कधी?"

हीच ती वेळ. वाक्य पोटातून निघालं, छातीपर्यंत आलं, घशाशी आलं, आणि बाहेर म्वाकियोनं भोंगा वाजवला. खाएंबा दचकून उठला. "बघू," तो म्हणाला. "डिसेंबरात वगैरे. जमलं तर."

तेव्हा जून चालू होता.

"जमलं तर," रिस्पा म्हणाली. हसू कुठल्या कुठे गेलं. तिनं पाट उचलला, वाटी उचलली आणि मागं न बघता आत गेली. खाएंबाला तिचा चेहरा कळला नाही. एवढा मोठा गाडा चालवणारा माणूस, पण एक वाक्य चालवता आलं नाही म्हणून स्वतःला शिव्या देत तो गाडीत चढला.

एल्डोरेट मागं पडलं. तुर्बो जवळ आलं तेव्हा म्वाकियोनं दात कोरत तोंड उघडलं.

"उस्ताद, ती रिस्पाबाई कोंबडीपण झकास करते हो. मेनूत का ठेवत नाही कोण जाणे."

"तिथं कोंबडी मिळत नाही," खाएंबा म्हणाला.

"मिळत नाही कसली! वाटीत होती ना. म्हणजे कोंबडी नाही, पेटाच होता नुसता. आलं काय घातलं होतं, वा!"

खाएंबानं असा ब्रेक मारला की मागच्या शिटांवरची केळी पुढं आली. अठ्ठेचाळीस माणसं एकदम ओरडली. गाडी रस्त्याच्या कडेला थांबली. खाएंबानं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोर बघत विचारलं, "काय होतं वाटीत?"

"पेटा."

"आणि कुणी खाल्ला?"

"मी. का? एवढासा तर होता. उस्ताद, तुमच्यासाठी फासळ्या जास्त ठेवल्या होत्या मी."

पहिल्या शिटावर मारिता आजी बसली होती. वय ऐंशीच्या पुढं, कान मात्र हवे तिथं पोचणारे. तिनं काठी आपटली. "थांब रे! त्या रिस्पानं याच्यापुढे पेटा ठेवला? आणि खाल्ला या तैतावाल्यानं?"

"आजी, आमच्याकडे पेटा म्हणजे कोंबडीचा एक तुकडा," म्वाकियो म्हणाला. "कुणीही खातो."

"तुमच्याकडे लग्न कसं ठरवतात मग? चिठ्ठ्या टाकून?"

पाच मिनिटांत बातमी शेवटच्या शिटापर्यंत गेली. अर्धी गाडी लुह्या होती, आणि उरलेल्या अर्ध्या गाडीला शेजाऱ्यांनी समजावून सांगितलं. मग आजीनं चौकशी सुरू केली. वाटी बघून बाई काय म्हणाली? खाएंबानं एकेक वाक्य सांगितलं. खाल्लंत? खाल्लं. सगळं? काही ठेवलं नाही. मग आता? गाय आजारी आहे. इथं बायकांनी कपाळाला हात लावला. आणि इकडे कधी?

"मग तू काय म्हणालास?"

खाएंबा इतक्या हळू बोलला की आजीला वाकावं लागलं. "डिसेंबरात वगैरे. जमलं तर."

गाडीत असा काही गलका उठला की रस्त्यावरची गुरं बाजूला झाली. "जमलं तर! अरे मेल्या, तिनं सगळ्या रस्त्यादेखत स्वतःहून विचारलं आणि तू जमलं तर म्हणालास?" आजी कडाडली. मागून एक मास्तर ओरडले, "गाडी वळवा!" दुसरा म्हणाला, "वळवा, आमची काही घाई नाही!" एक बाई म्हणाली, तिची घाई आहे, तिच्या भाचीचं लग्न आहे, पण हेही लग्नच आहे, तर वळवा. हात वर करून मतं मोजली गेली. पंचेचाळीस वळवायच्या बाजूनं निघाली.

खाएंबा उठून मागं वळला. डोळे लाल झाले होते. "तुम्ही तिकीट बुंगोमाचं काढलंय," तो म्हणाला. "एकोणीस वर्षांत मी कुणाला उशिरा पोचवलं नाही. आज शेवटच्या दिवशी पोचवणार नाही." कुणीतरी म्हणालं, मग फोन करा. त्यानं खिशातून फोन काढलाही. मारिता आजीनं काठीनं त्याचा हात खाली केला.

"फोनवर काय सांगणार? पेटा तिनं हातानं वाढला. उत्तर हातानं दे. उद्या सकाळी जा. आणि रिकाम्या हातानं जाऊ नकोस."

संध्याकाळी बुंगोमाच्या डेपोत निरोप समारंभ झाला. भाषणं झाली, हार घातले आणि कंपनीतर्फे भेट दिली. काय दिलं? भिंतीवरचं घड्याळ. ज्यानं एकोणीस वर्षं घड्याळाकडे बघत जेवण केलं, त्याला! खाएंबानं ते घेतलं, आभार मानले आणि घरी जाऊन अंगणातला कोंबडा पकडला. कोंबडा म्हातारा होता, लाल, भांडखोर. पहाटे गल्लीला उठवणारा. पण घरचा होता. बाजारातून आणलेला कोंबडा देणं त्याला बरं वाटेना.

सकाळी तो प्रवासी म्हणून रांगेत उभा राहिला. पांढरा शर्ट, वरचं बटण लावलेलं, काखेत कोंबडा. नवा ड्रायव्हर दारात आडवा आला. खाएंबानंच तयार केलेला होता तो.

"उस्ताद, पाया पडतो. पण कोंबडी डिकीत, माणूस वर. तुमचाच नियम."

खाएंबाला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. "अरे, डिकीत मरेल तो. आणि आज तो मेला तर मी मेलो."

"नियम तो नियम. दोघांना एकाच तिकिटात बसायचं असेल तर..."

"एकाच तिकिटात कोण बसतंय?" म्वाकियो गर्दीतून पुढं घुसला. हातात फाडलेली दोन तिकिटं होती. "हे उस्तादचं, आणि हे कोंबड्याचं. कोंबड्याचं माझ्याकडून. सव्वीस नंबर, खिडकीची जागा."

असा तो कोंबडा तिकीट काढून, खिडकीशी बसून तिंबोरोआला गेला. वाटेत तो दोनदा आरवला आणि म्वाकियोकडून सगळी गोष्ट ऐकून बसलेल्या गाडीनं दोन्ही वेळा टाळ्या वाजवल्या.

रिस्पा भट्टीपुढे उभी होती. मळका टॉवेल कमरेला, डोक्याला जुनाच रुमाल. गाडीतून खाएंबा उतरताना दिसला तरी तिनं चिमटा खाली ठेवला नाही. त्याच्यामागून सगळी गाडी उतरली आणि अर्धगोल करून उभी राहिली.

"डिसेंबर लवकर आला म्हणायचा यंदा," ती फासळ्या उलटत म्हणाली.

"रिस्पा, काल तो मी खाल्ला नाही."

चिमटा थांबला. "वाटी रिकामी होती."

"यानं खाल्ला. मी बाहेर फोटोला उभा होतो. मला माहीतच नव्हतं त्यात काय आहे. मी फासळ्यांबद्दल बोलत होतो."

रिस्पा वळली. तिनं म्वाकियोला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "म्हणजे रीतीप्रमाणे मला आता याच्याशी लग्न करावं लागणार?"

"नाही हो!" म्वाकियो दोन पावलं मागं सरला. "मला बायको आहे! तीन मुलं आहेत! ती मला जिवंत ठेवणार नाही!"

लोक पोट धरून हसायला लागले. रिस्पा हसली नाही. ती खाएंबाकडे बघत होती. "आणि माहीत असतं तर?" तिनं विचारलं.

खाएंबानं कोंबडा पुढं धरला. ते वाक्य, दोन वर्षं पाठ केलेलं, तो विसरला होता. "हा घरचा आहे," तो म्हणाला. "काल रात्रभर मी झोपलो नाही. माहीत असतं तर वाटीसुद्धा चाटली असती. मला इथं राहायचंय, रिस्पा. तू म्हणशील तर. नाही म्हणालीस तर कोंबडा ठेव आणि मी जातो."

रिस्पानं चिमटा कोणाच्या तरी हातात दिला, टॉवेलला हात पुसले आणि कोंबडा घेतला. त्याच्या मांडीवर अंगठा दाबला, अगदी खाएंबा दाबायचा तसा. "म्हातारा आहे," ती म्हणाली. "शिजायला वेळ लागेल."

"लागू दे."

"दोन तास तरी."

"मला कुठं जायचंय?"

चाळीस मिनिटांनी भोंगा वाजला. खाएंबा सवयीनं बाकावरून उठला, इतका की गुडघे सरळ झाले, मग आपलं आपल्यालाच हसला आणि परत बसला. गाडी सुटताना प्रत्येक खिडकीतून एक हात बाहेर आला होता. सव्वीस नंबरच्या खिडकीतून म्वाकियोनं डोकं बाहेर काढलं. "उस्ताद, या वेळी आधी वाटी उघडा!"

हॉटेल रिकामं झालं. धुकं उतरलं. खाएंबानं मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं आणि आतून येणारा आल्याचा वास घेत बसला. दोन तासांनी रिस्पा आली, निळा झगा घालून, आणि तीच छोटी वाटी त्याच्यापुढे ठेवली. मग टेबलाच्या पलीकडे बसली. एकोणीस वर्षांत ती त्या टेबलाशी कधी बसली नव्हती.

त्यानं झाकण उचललं. खिशातला चाकू काढून पेट्याचे दोन भाग केले. एक आपल्या तोंडात टाकला. दुसरा चाकूच्या टोकावर घेऊन तिच्यापुढे धरला.

रिस्पानं आधी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. "ही रीत नाही," ती म्हणाली.

"रीत काल म्वाकियोनं खाल्ली."

तिनं तो तुकडा बोटांनी उचलला, जरा वेळ तसाच धरून ठेवला आणि तोंडात टाकला. हळूहळू चावला. आईच्या घरी, सासरी, नवऱ्यासाठी, दिरांसाठी, चाळीस वर्षं तिनं हा शिजवला होता. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसले नाहीत.

"असा लागतो होय," ती म्हणाली. मग नाक ओढून, रोजच्या आवाजात, "मीठ कमी पडलंय."

"थोडंसं," खाएंबा म्हणाला, आणि कोपऱ्यातली मिठाची वाटी त्यानं तिच्याकडे सरकवली.